विनयाच्या चारशे बारा ओळी

त्या सॉफ्टवेअरचं नाव मी घेणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करू त्या मेल्यांची? वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. सोबत इंग्रजीतलं चोवीस पानांचं मॅन्युअल, त्यातली नऊ पानं अटी आणि आभार. ज्याने कोणी ते लिहिलं त्याला एकदा सातिवलीला आणून आमच्या विनयाच्या खुर्चीवर बसवायला पाहिजे, म्हणजे डोळे उघडतील.

विनया आगाशीची. घरची केळीची वाडी, नवरा नोकरीला, मुलगी कॉलेजात. रोज स्कूटीवरून विरार ओलांडून सातिवलीला येते. आमचा कारखाना म्हणजे एक गाळा. रबरी वायसर आणि सील बनवतो. ती तेविसाव्या वर्षी इथे पॅकिंगला लागली, मग बिलिंगला गेली, आणि पाच वर्षांपूर्वी मालकांनी, म्हणजे गुरुदत्तशेठनी, तिच्यासमोर कंप्युटर ठेवून फर्मान सोडलं, "आपली वेबसाइट पाहिजे." शिकवायला कोणी नाही. कर तुझं तू.

आणि केलं की बाईने! ते टुकार मॅन्युअल वाचत, चुकत, पुन्हा करत शिकली. चारशे बारा प्रकारचा माल, प्रत्येकाचं वेगळं पान. एकेक वायसर पांढऱ्या बशीत ठेवायचा, शेजारी पट्टी ठेवायची, फोटो काढायचा. राजकोट आणि कोइम्बतूरची गिऱ्हाइकं ती पानं बघून ऑर्डर देतात. विनया कमी बोलते, पण बोलते ते पक्कं. "माल गेला" असं ती म्हणाली की शेठ खाली उतरून बघत नाहीत. एकवीस वर्षांत तिने कमावलं असेल तर ते हेच, की तिच्या शब्दाला कोणी उलट विचारत नाही.

मी जुलियाना, गासची. माल तपासायचं काम माझं. अकरा वर्षं माझं टेबल तिच्या समोर आहे.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. मशिनं पुसून झाली होती, झेंडूच्या माळा चढल्या होत्या, कामगार सगळे खाली जमले होते. ऑफिसात आम्ही दोघीच. विनयाने नवीन मालाची सहा पानं टाकली आणि प्रकल्प, म्हणजे अख्खी साइट, सेव्हला लावला. एवढा मोठा प्रकल्प, पाच मिनिटं लागतात. यूपीएसची बॅटरी जूनपासून मेलेली. तिने तीनदा सांगितलं, शेठनी तीनदा "बघू" म्हटलं. ती खाली दारात रांगोळी काढायला निघाली तेव्हा मला म्हणाली, "जुलियाना, लक्ष ठेव गं. कोणाला हात लावू देऊ नकोस."

मी पूजेचं ताट घेऊन उभी. तेवढ्यात शेठ आले. "चला, चला, मुहूर्त टळतोय. पूजेच्या वेळी एकही यंत्र चालू नको." असं म्हणत सरळ ऑफिसच्या बोर्डाकडे गेले. मी "शेठ, ते..." एवढंच म्हणाले. त्यांनी खटकन मेन स्विच खाली केला. पडदा काळा झाला.

विनया हात पुसत आत आली. "काय झालं गं?"

शेठ दारातच उभे होते. मी म्हणाले, "लाईट गेली वाटतं."

का म्हणाले? सण होता, शेठ समोर होते, कशाला कटकट, असं वाटलं. वसईत लाईट जाते, त्यात नवल ते काय? विनयाने मान हलवली आणि माझ्या हातातलं ताट घेतलं. तिथल्या तिथे माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. तिने प्रकल्प उघडला तर "प्रकल्प वाचता येत नाही" एवढंच आलं. इंटरनेटवर जुनी साइट दिसत होती, पण तिच्यात एक आकडा बदलता येईना, आणि दिवाळीआधी सगळे दर बदलायचे होते. साइटवरून प्रकल्प परत घेता येतो का? मॅन्युअल गप्प. सतराव्या पानावर एक ओळ होती, "प्रकल्प उघडत नसेल तर मेनूतून दुरुस्ती निवडा." आम्ही अख्खा मेनू पालथा घातला, दुरुस्ती नावाची चीजच नाही! पुढे लिहिलेलं, "बॅकअप आपोआप घेतला जातो." कुठे घेतला जातो? तुझ्या बापाच्या घरी? कंपनीला मेल केला तर दोन दिवसांनी उत्तर आलं, "कृपया आपल्या बॅकअपमधून प्रकल्प पूर्ववत करावा." आणि कळस म्हणजे, इंटरनेटवर कोणीतरी सहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता, आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, "सुटलं, धन्यवाद." अरे हलकटा, कसं सुटलं ते कोण लिहिणार?

तिसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांना खाली बोलावलं. बत्तीस माणसं. त्यांच्यासमोर म्हणाले, "बाई सांगते लाईट गेली. त्या दिवशी शेजारच्या गाळ्यात पंखे फिरत होते. मग आपलीच कशी गेली? कंप्युटर नीट बंद करायचा नाही, आणि वर खोटं बोलायचं." हातात छापील मेमो. निष्काळजीपणा आणि खोटं बोलणं, असे दोन आरोप. सही कर म्हणाले.

त्यांना स्विच आठवत नसेल, असं मी मनाला समजावलं. पण बोलताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. चांगलं आठवत होतं मेल्याला.

विनयाचा चेहरा लालबुंद. "सही करणार नाही. लाईट गेली होती. आधी फाइल काढते, मग बोलू."

मी तोंड उघडलं नाही. खाली मान घालून वायसर मोजत बसले, आणि मनातल्या मनात शेठला, कंपनीला, यूपीएसला, सगळ्यांना शिव्या घातल्या. स्वतःला सोडून.

मग ती कामाला लागली. प्रकल्प म्हणजे एक फोल्डर निघाला. आत चारशे बारा तुकडे, एकेक पानाचा एकेक, पण नावं कसली तर नुसती अक्षरं आणि आकडे. कुठला तुकडा कुठल्या मालाचा हे सांगणारी एक यादीची फाइल होती, आणि स्विच पडला तेव्हा नेमकी तीच लिहिली जात होती. ती रिकामी. पानं सगळी शाबूत, पण यादी नाही म्हणून सॉफ्टवेअर त्यांना ओळखच देईना.

यादी कशी लिहितात हे मॅन्युअलमध्ये असायला नको? नाही! मग तिने एक नवा प्रकल्प काढला, एकाच पानाचा, आणि त्याची यादी नोटपॅडमध्ये उघडून बघितली. मग दोन पानांचा केला. मग तीन. कुठे काय वाढतं ते पेन्सिलने वहीत उतरवलं. चार दिवस नुसतं हेच. मुलगी म्हणाली, आई, नवीनच बनव ना. ही ऐकते कसली. "नवीन केलं तर ते म्हणतील माझ्यामुळे गेलं म्हणून केलं," असं मला म्हणाली. मला! मी मान डोलावली.

पाचव्या दिवसापासून ओळी लिहायला घेतल्या. तुकडा उघडायचा, आत कुठला माल आहे बघायचं, यादीत ओळ लिहायची. जेवणाच्या सुट्टीत आणि पाच वाजल्यानंतर तासभर, कारण दिवसा बिलिंग सुटलं नव्हतं. मी समोर बसून तिला मालाचे नंबर वाचून दाखवायचे. "काय गं, तुला घरी कामं नाहीत?" ती हसून विचारायची. मध्ये रविवार आला तेव्हा मी चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, गेले, फादरना सगळं सांगितलं. फादर म्हणाले, तिला सांग. मी प्रायश्चित्ताच्या पाच नमो मारिया प्रार्थना म्हटल्या आणि मला हलकं वाटलं. काय माणूस आहे मी! सोपं ते केलं आणि सोमवारी पुन्हा जाऊन नंबर वाचायला बसले.

चारशे बारा ओळी झाल्या. उघडलं तर "त्रुटी." कुठली त्रुटी, कितव्या ओळीत, काही नाही. एक दिवस स्वल्पविराम शोधण्यात गेला. तरीही त्रुटी. माझं डोकं फिरलं, मी टेबलावर हात आपटला. विनयाने शांतपणे आपल्या छोट्या नमुन्याशी पुन्हा ताडून बघितलं. शेवटी एक कोरी ओळ लागत होती. कोरी ओळ! तेवढं लिहायला काय धाड भरली होती त्यांना?

उघडलं. पांढरी बशी, पट्टी, पहिला वायसर. मग दुसरा. सगळे चारशे बारा. विनयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खालून पोरं वर आली, टाळ्या पडल्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मिठाईचे खोके वाटायला शेठनी पुन्हा सगळ्यांना जमवलं. खुशीत होते. "विनयाबाईंनी आपली चूक निस्तरली. झालं गेलं विसरू. एवढी सही करा आणि खोका घ्या." तोच मेमो.

विनया म्हणाली, "चूक माझी नव्हती आणि मी खोटं बोलले नाही. लाईट गेली होती. जुलियाना तिथेच होती, तिला विचारा."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. शेठही बघत होते, आणि स्विचचं नाव काढू नकोस, हे त्यांच्या डोळ्यांत मला वाचता येत होतं.

"लाईट गेली नव्हती," मी म्हणाले. "शेठनी मेन स्विच बंद केला. पूजेसाठी. मी बघितलं. हिने लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि लाईट गेली असं हिला मीच सांगितलं."

शेठ काहीतरी पुटपुटले, आठवत नाही, घाईत झालं असेल, वगैरे. विनयाने त्यांच्या हातातून मेमो घेतला, चार तुकडे केले आणि मिठाईच्या खोक्यांवर ठेवले. तिच्यावरचा खोटेपणाचा डाग निघाला, त्याच बत्तीस जणांसमोर. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघून निदान रडेल, नाहीतर शिवी देईल.

ती माझ्यासमोर आली. आवाज अजिबात चढला नव्हता.

"जुलियाना, लाईट गेली नव्हती. इतके दिवस मी त्यांना खोटं पाडत होते. तुझ्या शब्दावर."

मग जिना चढून वर गेली, आणि दर बदलायला बसली.