बॅगेतली कपात

नोकरीची सगळी वर्षं मी केंद्र सरकारच्या वित्त विभागात काढली. माझं काम एकच, दुसऱ्यांनी मागितलेलं कमी करणं. कोणी दहा खुर्च्या मागितल्या की सहा मंजूर करायच्या. खुर्च्या कशाला हव्यात हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मागणारेही तयारीचे असत, सहा हव्या असल्या की दहाच लिहीत. हाच कारभार मी दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्येही चालवायला बघायचो. बायकोने तो लग्नानंतर लगेचच ओळखला. अर्धा किलो तूप हवं असलं की ती एक किलो सांगायची आणि आमचा संसार सुखाने चालायचा.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. मुलगी नोएडाला नोकरी करत होती. एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की मे महिन्यात ती उत्तराखंडात ट्रेकला जाणार आहे, पाठीवर तंबू-बिंबू घेऊन. मी ताबडतोब म्हणालो, मीही येतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मुलीने अट घातली. आधी एका रविवारी इथेच, अरवलीत जायचं. भरलेली बॅग घेऊन मी टेकडी चढायची, वर तंबू लावायचा, धड खाली उतरायचं. जमलं तर नेईन.

मला ते चांगलंच झोंबलं. जन्मभर लोकांचे प्रस्ताव मी तपासले आणि आता माझाच प्रस्ताव तपासला जाणार होता. पण मला जायचं होतं. आज ना उद्या बदली होऊन किंवा लग्न होऊन ती लांब जाणार हे दिसत होतं. त्याआधी तिच्याबरोबर चार दिवस डोंगरात चालायला मिळावेत, याची मला अक्षरशः हाव सुटली होती.

तिने मागवलेलं सामान आलं आणि मी हरखलो. तंबू उशीच्या अभ्र्यात मावेल एवढा. झोपायची पिशवी वरणाच्या पातेल्यात बसेल एवढी. कमीत कमी वजन हे या लोकांचं ध्येय आहे असं कळलं, आणि एवढ्या वर्षांनी मला माझी माणसं भेटल्यासारखं वाटलं. बायकोचा वजनकाटा मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणला. टूथब्रशची दांडी कापली. त्यामुळे दात घासताना दोन बोटं तोंडात जायची, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. पंच्याचे दोन तुकडे केले. शर्टांची लेबलं उसवली. बायकोचा स्टीलचा डबा नामंजूर केला, थालीपीठं प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यायची. सतरंजी नामंजूर, जमिनीवर बसायचं. बायको प्रत्येक वेळी नुसतं "बरं" म्हणाली. लागोपाठ इतकी "बरं" मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शेवटी राहिल्या दोन काठ्या. चालताना टेकायच्या, घडी होणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या. त्या पाहून माझं डोकं फिरलं. जिना उतरताना माझे गुडघे कुरकुरायचे, मी कठडा धरायचो, पण कोणी बघत नसेल तेव्हाच. म्हणजे पोरीने मला म्हातारा ठरवलं तर. मी त्या वजनही न करता पलंगाखाली ढकलल्या.

रविवारी सकाळी गुडगावच्या पुढे एका गावाशी गाडी लावली आणि चढायला लागलो. बॅग इतकी हलकी, की मी पुढे आणि दोघी मागे. मी वळून वळून त्यांना अनावश्यक सामानाचे तोटे समजावत होतो. वर पोचलो. चहूकडे वेडी बाभूळ, दगड, लांब धुरकट हवेत गुडगावच्या इमारती. मी ऐटीत तंबू पसरला आणि त्याचे खांब शोधायला लागलो. बॅग उलटी केली. खांब नव्हते.

"बाबा, काठ्या कुठे आहेत?" मुलीने विचारलं.

हा तंबू चालायच्या काठ्यांवरच उभा राहतो. त्याला वेगळे खांब नसतात, म्हणून तर तो हलका. हे तिने मला सांगितलं तेव्हा बायको एका मोराकडे फार लक्ष देऊन बघत होती.

एवढ्यात थेंब पडायला लागले. मी म्हणालो, हा मावठा. मुलीने विचारलं, मावठा म्हणजे काय? हिवाळ्यातला पाऊस, हे सांगेपर्यंत आम्ही भिजलो. दुसरा इलाज नव्हता. मी कापडाच्या मध्यभागी शिरलो, दोन्ही हात वर केले आणि तंबू झालो. त्या दोघी माझ्या पायाशी, ओल्या मातीवर, थालीपीठाचा चुरा खात बसल्या. माझे हात अडकलेले, म्हणून बायकोने थोडा चुरा माझ्या तोंडात घातला.

"डबा असता तर अख्खं मिळालं असतं," ती म्हणाली.

पाऊस थांबला. मे महिन्याचं आता विसरायचं हे मला कळून चुकलं होतं. निदान उतरून तरी नीट दाखवू म्हटलं, तर पहिल्याच ओल्या खडकावर गुडघ्याने दगा दिला. मी थांबलो आणि समोरचं दृश्य बघायचं नाटक केलं. मुलगी दोन पावलं पुढे होती, ती परत आली.

"तुम्ही जिन्यात कठडा धरता, मला माहीत आहे," ती म्हणाली. "काठ्या घ्या म्हटलं असतं तर तुम्ही बिल्कुल घेतल्या नसत्या. म्हणून हा तंबू घेतला. दोघांचा."

म्हणजे न्यायचं तिने आधीच ठरवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. बायकोने माझी बॅग काढून स्वतःच्या पाठीवर घेतली. मुलगी माझ्या खालच्या खडकावर पाठमोरी उभी राहिली आणि खांदा पुढे केला. मी त्यावर हात ठेवला, अगदी अलगद, चार बोटांचा.

"असं नाही चालणार, बाबा. पूर्ण वजन टाका. मे महिन्यातही असंच करायचंय."

आणि तिने मागितलं तेवढं मी दिलं, काही न कापता.