कर्नेलमधल्या दोन ओळी आणि हिरामणकाका

१९९८ मधला एक शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास आमचे गुजराती शेठ जयेशभाई भेस्तानच्या डिझाइन ऑफिसात आले आणि साडीचा एक तुकडा माझ्या टेबलावर पसरून उभे राहिले. जरीच्या मोराच्या मानेतून एक आडवी रेघ गेली होती... प्रत्येक मोराच्या, अगदी त्याच जागी.

मी तेव्हा डिप्लोमा करून नुकतीच तिथे लागले होते. कॉम्प्युटरवर डिझाइन तयार व्हायचं आणि केबलमधून शेजारच्या खोलीतल्या पंचिंग मशीनला जायचं. मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचं आणि ती कार्डं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चढायची. एक कार्ड म्हणजे कापडातला एक आडवा धागा, त्यामुळे एक कार्ड चुकलं की अशी रेघ येणारच.

त्या मशीनवर हिरामणकाका होते. मूळ अमळनेरकडचे, अहिराणी बोलणारे, डिंडोलीत आमच्याच गल्लीत राहायचे. कोऱ्या कार्डांची थप्पी संपली की मशीन आपोआप थांबायचं आणि काका नवी थप्पी लावायचे. चुकीचं कार्ड नेमकं तिथेच यायचं.

"बेन, हिरामणभाई की नजर गई अब," जयेशभाई म्हणाले. "थप्पी टेढ़ी रखते हैं. सोमवार से दूसरा आदमी आएगा."

मी काहीच बोलले नाही... आणि ते गप्प बसणं साधं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातली जुनी सिस्टम काढून, सीडीवर सोर्स कोडसकट फुकट मिळणारी नवी ऑपरेटिंग सिस्टम मीच हट्टाने टाकली होती. रेघा त्यानंतरच सुरू झाल्या होत्या. ही दोन टोकं कुणी जोडून बघितली नव्हती. मी बघितली होती, आणि नोकरी जाईल म्हणून गप्प होते.

शेठ गेल्यावर काका माझ्याकडे आले. हातात दोऱ्याने बांधलेली पाच-सहा चुकलेली कार्डं होती.

"पोरी, मी आज कार्डले हातबी नही लावा," ते हळूच म्हणाले. "थप्पी भरेल व्हती. नुसतं मशीन थांबाडं, परत चालू करं... तरी चुकनं."

शाळेत फारसं न गेलेल्या माणसाने मला न सुचलेला प्रयोग केला होता. थप्पी भरलेली होती, हात लावला नव्हता, तरीही थांबल्यानंतरचं कार्ड बिघडलं. म्हणजे दोष हाताचा नव्हता... थांबण्याचा होता.

सिस्टमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातला केबलमधून माहिती पाठवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, मी उघडला. सी भाषा कॉलेजात शिकले होते, पण दुसऱ्याच्या कर्नेलमध्ये हात घालणं म्हणजे... चालू लूममध्ये हात घालण्यासारखंच वाटत होतं. प्रिंटआऊट काढून पेन्सिलीने एकेक ओळ वाचत गेले.

जेवणाची सुट्टी संपता संपता सापडलं. मशीनने 'थांब' म्हटलं की ड्रायव्हर आधी माहितीच्या पुढच्या तुकड्यावर, म्हणजे बाइटवर, सरकायचा आणि मग पाठवायचं की नाही ते बघायचा. हातातला बाइट तसाच हरवायचा आणि त्या कार्डावरची पुढची सगळी भोकं सरकायची. फक्त दोन ओळींचा क्रम उलटा होता.

ओळी बदलल्या. सोबत एक छोटी सोयही घातली... किती बाइट आले आणि किती गेले, ते दोन आकडे स्क्रीनवर दिसावेत. इंग्रजी काकांना वाचता येत नव्हतं, पण दोन आकडे सारखे आहेत की नाहीत, हे त्यांना कळणार होतं.

बदललेलं कर्नेल कंपाइल होऊन वापरायला तयार व्हायला तासभर लागला. पहिल्यांदा कॉम्प्युटर चालूच होईना. एक फाइल जागेवर ठेवायची राहिली होती. ती ठेवली, पुन्हा चालू केला... झाला.

काकांनी मोराचं पूर्ण डिझाइन लावलं. मशीन मुद्दाम अकरा वेळा थांबवलं. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे सारखे. कार्डं उजेडात धरून, जुन्या बिनचूक कार्डांवर ठेवून आम्ही दोघांनी एकेक तपासलं. एकही चूक नाही. काका स्टुलावर बसले आणि टोपी काढून कितीतरी वेळ नुसते कपाळ पुसत राहिले.

मग मी जयेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. "शेठ, गलती काका की नहीं थी. जो सिस्टम मैंने डाली, उसमें थी. मुझे शक था, पर मैं बोली नहीं."

त्यांनी मोराचा तुकडा बाजूला सारला. "तो पहेलां केम ना कह्युं, बेन?" आधी का सांगितलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मग उठून स्वतः पंचिंगच्या खोलीत गेले आणि काकांना म्हणाले, "हिरामणभाई, सोमवारे टाइम पर आवजो."

मला वाटलं होतं, रडू येईल. लागली ती नुसती भूक... सकाळपासून डबा उघडलाच नव्हता.

ती दुरुस्ती मी परदेशात तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या माणसाला ईमेलने पाठवली. दहा-बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. मधेच थांबणारं असं मशीन त्याच्याकडे नव्हतं, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. आभार, पुढच्या आवृत्तीत घेतो.

चूक कुणी शोधली, त्या जागी मी हिरामणकाकांचं नाव लिहिलं होतं. नवी आवृत्ती आली तेव्हा बदलांच्या यादीत ते छापून आलं. मी त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाले, "मन्हं नाव कसाले टाकं? मी ते नुसतं थांबाडं."

पुढे बरेच बग सोडवले, मोठेही... पण त्या दुपारी केबिनमधून बाहेर आल्यावर जसा मोकळा श्वास घेतला, तसा पुन्हा कधीच घेतला नाही. काकांनी ती कार्डं बांधून ठेवली नसती, तर मी किती दिवस गप्प राहिले असते... हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते, आणि दर वेळी त्यांचे मनातल्या मनात आभार मानते.