काकांची लादी आणि माझा गोळा
रस्तेखात्याचे साहेब पोचायच्या आधीच चाचणीचा दहा किलोचा लोखंडी गोळा माझ्या हातून सुटला आणि मिस्त्रीकाकांच्या एकुलत्या एक लादीवर आदळला.

तीस वर्षं दणकट काँक्रीट ओतलेल्या काकांनी म्हातारपणी फेस मिसळलेलं हलकं काँक्रीट करायला घेतलं होतं. गाड्यांची धडक झेलणाऱ्या रस्त्याच्या कठड्यासाठी साहेबांनी ते नाकारलं, तर सगळं बंद.

“गाढवा, महिनाभर पाणी पाजलंय तिला!” काका ओरडले.

साध्या लादीचे याच गोळ्याने कालच दोन तुकडे केले होते. हिच्यात मात्र तो वाटीएवढा खड्डा करून रुतला होता.

“आतले बुडबुडे चिरडले, मार त्यांनीच खाल्ला,” काका खड्ड्यात बोट फिरवत हसले. साहेब आल्यावर त्यांनीही बोट फिरवलं आणि होकार दिला.

खड्डा पडलेल्या लादीच्या बदल्यात नवी मीच ओतून द्यायची ठरलं. काका रोज विचारतात, “पहिलवान, माझी लादी कधी देताय?” मी अजून साचासुद्धा धुतलेला नाही.