गिटारवर कोण

“तू दिसायचं नाहीस. फक्त ऐकू यायचं,” विराजदादा म्हणाला आणि पडद्यामागे माझ्यासाठी सतरंजीचा तुकडा टाकला.

चिखलीच्या आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. पडद्यापुढे तो, गळ्यात चकचकीत गिटार, पण वायर नसलेलं. खरं गिटार माझ्या मांडीवर.

“मी समोर उभी राहिली तं?” मी विचारलं.

तो हसला. “वांगेवाल्याची पोरगी रॉक बँडमध्ये? लोक हसतील गं.”

मी बसले. हो, गपचूप बसले.

विराजदादा भाऊसाहेबांचा मुलगा. पुण्याचं इंजिनिअरिंग सोडून परत आलेला, आता आमच्याच कॉलेजात. भाऊसाहेबांची विहीर आमच्या वावराला लागून. त्यांच्या पाण्यावर आमची वांगी, टमाटे. त्यामुळे रोजची भाजी त्यांच्या बंगल्यावर आमच्याकडून जायची, आणि ती मी न्यायची. एक दिवस तो वऱ्हांड्यात वाजवत बसला होता. मी टोपली घेऊन उभीच राहिले. तो म्हणाला, “धर. वाजवून बघ.”

शिकवलं त्यानेच. हे मी कधी नाकारणार नाही. अशा धडधडत्या, वेगवान रॉकला पॉप पंक म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. डाव्या हाताची बोटं तारांवर घट्ट रोवायची. उजव्या हाताचा तळवा तारांच्या बुडाशी टेकवायचा, की आवाज दबका येतो, दात ओठ खाल्ल्यासारखा. तळवा उचलला की सगळं एकदम मोकळं होतं. आणि वेग. हात थांबू द्यायचा नाही. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. घरी गिटार कुठलं! कुदळीच्या दांड्यावर बोटं ठेवून मी सराव करायची. माय म्हणायची, “येडी झाली काय ही?”

गाणी इंग्रजी. अर्थ त्यानेच समजावला. कोणाचं ऐकायचं नाही, कोणापुढे वाकायचं नाही, अशी गाणी. मी परत दिलेलं गिटार तो फडक्याने पुसून घ्यायचा, आणि मग मला असा अर्थ सांगायचा. मला ते खटकायचं. पण शिकायचं होतं. मी फडक्याकडे बघायची नाही.

त्याला गाता गाता वाजवणं जमेना. हात मागे पडायचा. म्हणून पडद्यामागे मी.

पहिलं गाणं झालं. पोरं बाकांवर उभी राहिली, शिट्ट्या. मी कधीच असं वाजवलं नव्हतं. मग त्याने माईकवर एकेकाची ओळख करून दिली. ड्रमवर कोण, बेस गिटारवर कोण. “आणि गिटारवर, मी!”

टाळ्या. माझ्या हाताला पडलेल्या टाळ्या, त्याने वाकून घेतल्या.

दुसरं गाणं सुरू झालं. मी हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला.

पडद्याच्या फटीतून मला तो दिसत होता. हात जोरात तारांवर चाललेला, पण गिटारचा आवाज नाही. आधी कोणाला कळलं नाही. मग कोणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसला.

तो आत आला. चेहरा लाल. “वाजव ना!”

“काऊन वाजवू? गिटारवर तू आहे ना.”

त्याला मी पहिल्यांदा तू म्हटलं होतं.

“आमच्या विहिरीचं पाणी पिता तुम्ही,” तो दात आवळून म्हणाला. “विसरू नको.”

मी वायर उपटली, त्याच्या हातात दिली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. भीती वाटत होती. आणि खरं सांगते, आनंदही होत होता.

आनंद सकाळपर्यंत टिकला. सकाळी बाबा वावरातून पाणी न देताच परत आले. भाऊसाहेबांनी पाइप काढून घेतला होता.

वांगी फुलावर होती. ऊन तापलेलं. आम्ही हापशावरून हंडे वाहिले. हंड्यांनी वावर भिजत नसतं. पानं आधी मलूल झाली, मग कडेने करपली. फुलं गळून सरीत पडली. माय काही दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, “तारा वाजवाले गेली, अन् पाणी घालवून आली.”

खरंच होतं ते. मान माझी ताठ झाली, वावर मायबाबांचं वाळलं. बाबा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊ लागले. संध्याकाळी पाय धुताना ते खाली बघत, आणि मी दुसरीकडे.

एक दिवस सकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले.

“भाऊसाहेब म्हणून राह्यले, पोरीनं येऊन माफी मागतली तं पाणी चालू करतो.”

मी हातातला हंडा खाली ठेवला.

“मी जबरदस्ती नाही करत. तुले काय वाटते?”

त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मांडवात रागाच्या भरात हात थांबवणं सोपं होतं. इथे राग नव्हता. इथे बाबांचे भेगाळलेले पाय होते, आणि करपलेल्या रोपांत कुठेकुठे अजून हिरवे राहिलेले शेंडे. माफी मागितली असती तर ते वाचले असते. मला ते माहीत होतं.

“मी नाही जात, बाबा.”

“मंग राह्यलेले वांगेही जातीन.”

“हाव. जातीन.”

बाबा उठले. त्यांनी मला बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. टोपी घातली आणि कामावर गेले.

ते वावर माझ्यामुळे वाळलं. याची टोचणी मी कोणावर ढकलणार नाही, कमी करूनही सांगणार नाही. ती माझी आहे. पण माफी मी मागणार नाही. तेव्हा नाही, आज नाही, पाण्यासाठीसुद्धा नाही.