पांढऱ्यावर पांढरं

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कुंभकोणमच्या एका इंटरनेटच्या दुकानात सर मला शिकवायचे, शोधयंत्रात आपलं पान वर कसं आणायचं ते. गिऱ्हाइकांशी तमिळ, माझ्याशी घरची मराठी; आम्ही दोघंही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरांतले. "आपण काय विकतो ते राहू दे ग. शोधणारा काय टाइप करील, ते लिही," असं म्हणताना ते हटकून चष्मा वर सरकवायचे.

सकाळी आल्यावर कॉफीच्याही आधी ते एकच गोष्ट बघायचे. काल कोणते शब्द शोधून लोक आपण केलेल्या पानांवर आले.

एकदा स्वामीमलैच्या एका मूर्तिकारासाठी सरांनी केलेल्या पानावर माझ्या हातून माउस दाबलेलाच खालपर्यंत ओढला गेला, पान निळं झालं आणि तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं उमटलं: साक्कोट्टै, डांगर पच्चडी. मूर्तींच्या पानावर हे कशाला?

"माणसांना दिसत नाही, यंत्राला दिसतं," सर म्हणाले. "आमचा थोरला भाऊ, अण्णा, बोटीवर नोकरीला गेला, तो परत आलाच नाही. आमचं गाव साक्कोट्टै. आईच्या हातची ती दह्यात कालवलेली उडदाच्या पिठाची पच्चडी म्हणजे त्याचा जीव. कधी घरची आठवण आली, तर हेच टाइप करील ना?"

पुढे नोकरीसाठी मी मद्रासला गेले. एका संध्याकाळी फार एकटं वाटलं, म्हणून तेच शब्द टाइप केले. पहिलंच पान सरांचं आलं. उघडायला बोट पुढे गेलं आणि तिथेच थांबलं. उघडलं असतं, तर सकाळी कॉफीच्या आधी सरांना वाटलं असतं, अण्णा आला.