डोणीतला गणपती

हे लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला, लेखनाचा सराव नाही, आणि ज्या देवळाबद्दल लिहितोय ते माझ्या देवांचं नाही. चुकलं तर माफ करा.

मी शिकतो त्या सिंगापुरात एका जलाशयामागच्या रानात शिंतो देवळाचे अवशेष आहेत. युद्धात जपान्यांनी ते बांधलं आणि हरल्यावर स्वतःच पाडलं. काही पायऱ्या उरल्यात आणि एक मोठी दगडी डोणी. आमच्या गटाचा प्रकल्प त्यावरच होता.

त्याच आठवड्यात बाबांच्या जहाजाला आग लागली. ते इंजिनरूममध्ये ऑइलर होते, यंत्रांना तेल देणारे. माणसं लाइफबोटीत उतरली, पण बोट सापडत नाही, एवढंच कंपनीने कळवलं. आईने गावी देव पाण्यात ठेवले.

"तूही ठेव," ती फोनवर म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत काढू नको."

माझ्याकडे तिने दिलेला अंगठ्याएवढा पितळी गणपती होता. होस्टेलच्या कॉफीच्या मगात तो बुडवायला मन धजेना. डोणीत मात्र पावसाचं पाणी साचलं होतं. म्हटलं, देवाच्या दारचं पाणी. दुसऱ्या दिवशी जाऊन गणपती तिथे ठेवला.

पाचव्या दिवशी गटातल्या जपानी मुलीने देवळात जाण्याआधी शुद्ध व्हायची रीत वर्गात करून दाखवली. "आधी डावा हात, मग उजवा. मग चूळ भरायची. मग देवापुढे."

"हे सगळं त्या डोणीत?"

"डोणीतलं पाणी पळीने घ्यायचं. त्यासाठीच ती असते."

"आणि त्यात देव ठेवला तर?"

ती हसली. "हातपाय धुवायच्या मोरीत तुम्ही देव ठेवता का?"

मी तास सोडून निघालो. एमआरटीची मेट्रो, मग बस, मग चिखलातली वाट. पाण्यावर पानं कुजली होती. कोपरापर्यंत हात घालून गणपती काढला, शर्टाला पुसला, खिशात घातला. खोलीवर येऊन तो मगातल्या पाण्यात ठेवला. पण मधला दीड तास तो कोरडा होता. आईला सांगायचं धाडस झालं नाही. तिने काढू नको म्हटलं होतं. त्या दीड तासात समुद्रावर काय झालं असेल, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी तिचा फोन आला.

"बोट सापडली रे. काल दुपारी."

काल दुपारी मी गणपती खिशात घालून परतीच्या बसमध्ये होतो. "आणि बाबा?"

"बाकीचे सगळे आहेत," आई म्हणाली. "ते बोटीत उतरलेच नव्हते. आगीच्या दिवशी इंजिनरूममधून वर आलेच नाहीत."