दीड वीत

सयाजी मिस्त्र्याला अलीकडं बसलं की उठू वाटत नसे आणि उठलं की चालू वाटत नसे. अडुसष्टावं सरत आलेलं अंग, त्यातली पन्नास वर्षं कुणाच्या ना कुणाच्या नांगराखाली पाठीवर पडून काढलेली. कोरेगावातल्या वर्कशॉपचं शटर त्यानं दिवाळीनंतर वर केलंच नव्हतं. बायको चंद्राबाई म्हणायची, लय झालं लोखंड, आता पारावर बसा चार माणसांत. तो बसायचा. पण बसूनही दमायला व्हायचं, आणि ते काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

अशात वैशाखाच्या तोंडाला आष्ट्याहून तवनाप्पा आण्णांचा फोन आला. आण्णा ऐंशीच्या पुढचे. मळ्यातल्या बाभळीखाली वीस वर्षं पडलेला दोन फाळी नांगर उभा करून द्यायचा, एवढंच त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवून दिला. पहिल्यापासून त्यांची रीतच तशी.

तो नांगर सयाजीला ठाऊक होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो सांगलीत एका वर्कशॉपात कामाला होता, तेव्हा आण्णांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि सोबत हा नांगर. तो जुळवायला शेठनं सयाजीला धाडलं होतं. तोवर पाच वर्षं त्यानं दुसऱ्याच्या हाताखालीच काढली होती. एकट्यानं जुळवलेला हा पहिला नांगर. संध्याकाळी त्यानं जुळवणीची खूण म्हणून नांगराच्या दांड्यावर छिन्नीनं एक आडवी रेघ मारली आणि रेघेखाली एक टिंब ठोकलं. रेघ सगळेच मिस्त्री मारायचे. टिंब त्याचं एकट्याचं. पुढं जन्मभर जुळवलेल्या प्रत्येक नांगरावर त्यानं तसंच टिंब दिलं.

चंद्राबाईनं भाकरी बांधून दिली, मिलिटरीतल्या लेकानं, ऋषिराजनं, धाडलेली मलमाची ट्यूब पिशवीत कोंबली आणि बजावलं की हे शेवटचं. सयाजी हूं म्हणाला. कराड, इस्लामपूर अशा एसट्या बदलत तो दुपारी आष्ट्यात उतरला, तोवर त्याचे गुडघे निम्मे संपले होते.

मळ्यात गेल्यावर खरी गोष्ट कळली. आण्णांचा थोरला, सम्मेद, पन्नाशीकडं झुकलेला शहाणासुरता गडी. त्याचं म्हणणं सरळ होतं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं नांगर मागितला होता. लाल रंग देऊन दारात मांडणार होता, बैलगाडीच्या चाकाशेजारी. आण्णा अडून बसले होते. वीस वर्षं रोटाव्हेटर मारून मारून रानाचा वरचा थर पिठागत झालाय आणि वीतभर खाली फरशी बसल्यासारखी जमीन आवळलीय, उसाची मुळी खाली जाईना, वारं सुटलं की ऊस आडवा. याला हाच नांगर पाहिजे, असं त्यांचं एकच पालुपद. भाड्यानं मोठा ट्रॅक्टर आणू म्हटलं, तर त्याच्या वजनानं रान आणखी दबतं म्हणायचे. शेवटी बापलेकांचं ठरलं होतं. नांगर सरळ चालला तर घरात राहील. न्हाई चालला तर सोमवारी हॉटेलवाल्याचा टेम्पो येईल. आणि आज गुरुवार होता.

“म्हंजी माझी परीक्षाच की,” सयाजी म्हणाला.

“तुजी कशाची?” आण्णा म्हणाले. “तू पास झालास तवाच. परीक्षा नांगराची.”

बाभळीखाली नांगर काय, गंजाचा ढीग होता. दोन फाळांच्या मधनं घाणेरीचं झुडूप वर आलं होतं. एकेक बोल्ट असा आवळलेला की पाना लावला तर पानाच वाकावा. पहिल्या दिवशी सयाजीनं सगळ्या जोडांवर डिझेल सोडलं आणि चिंध्या गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गॅसनं तापवून, घणाचे हळू घाव घालून बोल्ट सोडवले. घण त्याचा, पण उचलायला सम्मेद. दोन्ही फाळ गावातल्या लोहाराकडनं नवं पोलाद जोडून, टोकं ठोकून शेवटून आणले. माती पलटवणारे पत्रे वाळूनं घासले, ते दुपारच्या उन्हात डोळ्यांवर तिरीप मारायला लागले. मधूनमधून तो बाभळीच्या बुंध्याला टेकायचा. बोटांचे सांधे सुजून हळकुंडासारखे झाले होते. रात्री मलम चोळलं तरी सकाळी मूठ वळायला चहाचा गरम पेला हातात धरावा लागे. आण्णांची बायको चंदनबाला ते बघायची आणि दुसरा पेला भरून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नांगर ट्रॅक्टरला लावला. ट्रॅक्टर तोच जुना, हल्ली नुसता पाण्याची टाकी ओढणारा. आता जुळवणी राहिली. नांगर ज्या आडव्या दांड्यावर टांगलेला असतो, तो दांडा डावीउजवीकडं सरकवता येतो. ट्रॅक्टरचं उजवं चाक मागच्या फेरीनं पडलेल्या तासात, त्या चरीत, चालतं. त्या चाकाच्या आतल्या अंगापासून पुढच्या फाळापर्यंत अंतर किती ठेवायचं, सगळी गोम तिथं. सयाजीचं माप ठरलेलं होतं. दीड वीत. दोऱ्यावर तीन विती टाकायच्या, दोरा मधोमध दुमडायचा, की दीड होते. सम्मेदनं घरात टेप आहे म्हणून सांगितलं, तर सयाजीनं तिकडं बघितलंही नाही. जन्मात टेप घेतली नव्हती आणि नांगर काही कुणाचा वाकडा चालला नव्हता.

दांडा सरकवताना त्यावरची एक जुनी रेघ त्याला दिसली होती. दोऱ्याच्या मापानं दांडा बसला, तो रेघेपासून चांगला दोन बोटं अलीकडं. रेघेखाली गंजाचा पापुद्रा होता. मागनं कुण्यातरी अर्धवटानं मारलेली खूण, असं म्हणून त्यानं बोल्ट आवळायला सांगितले.

दुपार कलल्यावर रानात गेले. आण्णांनी बांधावर वहाणा काढल्या, हात जोडले, ओठातल्या ओठात मंत्र म्हटला. मातीतल्या जिवांची माफी मागितल्याशिवाय त्यांनी कधी नांगर रानात घातला नव्हता. सम्मेदनं लिव्हर खाली केला. नांगर मातीत शिरला आणि काळं ढेकूळ पालथं पडलं. क्षणभर सगळ्यांनाच बरं वाटलं.

पण दुसऱ्या फेरीला सम्मेद स्टेअरिंगशी झुंजायला लागला. तिसऱ्या फेरीनंतर रान बघितलं, तर एक वरंबा उंच, एक बसका, पुन्हा एक उंच, एक बसका. पुढचा फाळ अर्धपोटी चालत होता आणि मागचा तुडुंब भरून. शाळेतल्या पोरानं वही दुरेघी आखावी आणि एक रेघ घर सोडून जावी, तसं ते रान दिसत होतं.

सयाजीनं टायरातली हवा बघायला लावली. हवा ठीक होती. नांगर एका अंगाला कलला असेल म्हणून उजवी बाजू दोन आटे वर घेतली. फरक पडला नाही. मग फाळांचा कोन बघितला. प्रत्येक वेळी आडवं व्हायचं, सरपटत आत जायचं आणि बाहेर येताना कुणाचातरी हात मागायचा. चौथ्या वेळी सम्मेदनं हात दिला तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता, कीव होती. ती सयाजीला जास्त लागली.

“मिस्त्री, ऱ्हाऊ द्या आता,” तो समजुतीनं म्हणाला. “तुमी काय कमी केलं न्हाई. लोखंडच म्हातारं झालंय. ऊन खाऊन दांडा वाकला आसंल.” आणि बांधावर जाऊन त्यानं मोबाइल कानाला लावला. टेम्पो कितीला पाठवतो, असं कुणालातरी विचारत होता.

 आण्णा तिथंच रानात ढेकळावर बसले.

सयाजी पाचव्यांदा नांगराखाली गेला. खरं तर काही बघायला म्हणून नव्हे. तिथं सावली होती, आणि पाठ जमिनीला लागली की बरं वाटत होतं. डोळे मिटावेत आणि कुणी उठवू नये, एवढंच त्याला वाटत होतं. दांडा बरोबर तोंडावर होता आणि ती जुनी रेघ डोळ्यांसमोर. नांगर हिसके खात चालल्यानं रेघेखालचा पापुद्रा निम्मा उडाला होता. सयाजीनं उगीच नखानं उरलेला काढला.

खाली टिंब होतं.

 सयाजीनं हात वर केला आणि चाकापासून वीत टाकली. अंगठा टेकला, करंगळी ताणली. करंगळी जिथं जायला पाहिजे होती तिथं गेलीच नाही. त्यानं दुसऱ्या हातानं ती ओढून बघितली. सांध्यातनं कळ निघाली, पण बोट काही तसूभर पुढं सरकलं नाही. वीतच आखूड झाली होती. तीन विती, तिन्ही आखूड, आणि त्या दुमडून केलेली दीड. दोन बोटं तिथं गेली होती.

गेल्या दोन वर्षांत कितीजणांचे नांगर आपण असे जुळवले, हे त्याच्या मनात आलं. पारावरचा लालासाहेब मागं म्हणाला होता, औंदा नांगरट बराबर झाली न्हाई गड्या. तेव्हा सयाजीनं त्याच्या ड्रायव्हरला नावं ठेवली होती.

बाहेर फोन चालूच होता. सयाजीला वाटलं, गप बसावं. लोखंड म्हातारं झालं, असं सगळ्यांनी मानलंच होतं. संध्याकाळची एसटी मिळाली तर उशिरानं का होईना आपल्या अंथरुणात पाठ टाकता येईल. पन्नास वर्षांचं नाव आहे तसं राहील. नांगर हॉटेलाच्या दारात उभा राहील, लोक त्याच्याजवळ फोटो काढतील. कुणाचं काय बिघडतंय?

मग त्याला चाकांमधनं आण्णा दिसले. त्यांनी एक ढेकूळ उचललं होतं आणि ते फोडून त्याचा वास घेत होते.

“सम्मेद,” सयाजीनं खालूनच हाक मारली. “त्यो फोन बंद कर. मला भाईर काढ.”

बाहेर आल्यावर त्याला नीट उभं राहायला वेळ लागला. मग तो आण्णांपुढं गेला आणि उजवा हात पसरून धरला, होता होईल तेवढा.

“आण्णा, लोखंडात खोट न्हाई. ह्यात हाय. माजी वीत भरंना झालीया.”

आण्णांनी हाताकडं बघितलं. “मग कवा सांगणार हुतास?”

“मलाच आत्ता कळलं.”

“आमच्या घरच्यांना पैल्याच सकाळी कळलं,” आण्णा म्हणाले. “चहा निस्ता पेयाला दिला न्हवता तिनं.”

सयाजीला त्यावर हसू आलं, पण ते पुरतं वर येण्याआधीच संपलं.

बोल्ट सम्मेदनं सैल केले. दांडा रेघेला लावला, टिंबाच्या बरोबर वर. सयाजीनं हात लावला नाही. तो बांधावर बसून नुसता बघत होता. नांगर पुन्हा रानात घातला. पहिल्या फेरीत जुन्या चुकीचं थोडं दिसलं. दुसरीत कमी. तिसऱ्या फेरीला सम्मेदनं स्टेअरिंगवरचा एक हात सोडला, मग बोटानंच धरलं, आणि ट्रॅक्टर आपला आपण तासातनं चालत राहिला. दोन्ही फाळ सारखे भरून माती पालथी घालत होते. खालची आवळलेली जमीन मोठमोठ्या वड्यांनी वर येत होती, वीस वर्षं ऊन न बघितलेली.

घराकडनं चंदनबालाची हाक आली. जैन घर ते, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. सम्मेद ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. नांगराकडं एकदा बघितलं, घरात गेला आणि टेप घेऊन आला. चाकापासून फाळापर्यंत लावली.

“साडेतेरा इंच,” तो म्हणाला.

सयाजीनं मान वर केली. “किती?”

“साडेतेरा. बराबर.”

“साडेतेरा,” सयाजी स्वतःशी म्हणाला. पंचेचाळीस वर्षं त्यानं हे माप हातात बाळगलं होतं आणि त्याला आकडा असतो, हे ठाऊक नव्हतं. एवढंसंच होतं ते. कुणालाही वाचता येईल असं.

सम्मेद मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागला. सयाजीनं त्याला थांबवलं. मोबाइल बदलतोस, म्हणाला, नांगरावरच घाल. पिशवीतनं छिन्नी काढून त्यानं स्वतःच धरून बघितली. मूठ तिच्याभोवती मिटली नाही. त्यानं ती सम्मेदच्या हातात दिली आणि पुढच्या हंगामाच्या आधी लालासाहेबाचा नांगर बघायला पाहिजे, तिकडं येशील का, टेप घेऊन, असं विचारलं. सम्मेद येतो म्हणाला.

टिंबाशेजारी सम्मेद आकडे ठोकायला लागला. त्याचा तीन वाकडा आला. आण्णा म्हणाले, इंजिनेरिंगला दोन वर्षं घातली, त्यात एवढं तरी शिकायचं.  सयाजीनं ट्रॅक्टरच्या गरम चाकाला पाठ टेकली, सुजलेले हात मांडीवर उपडे ठेवले आणि घाव ऐकत बसून राहिला. आतनं जेवायला दुसरी हाक येईपर्यंत त्याला उठायचं नव्हतं.